मोरवेल घरी लावायची तर : बी गोळा करण्यापासून पहिल्या फुलापर्यंत

पाऊस ओसरायला लागला की घाटरस्त्याच्या कडेला, करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्यांवर पांढऱ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. कुणी तिला मोरवेल म्हणतं, कुणी रानजाई. फोटो सगळेच काढतात, आणि घरी आल्यावर निम्म्या लोकांचा प्रश्न एकच असतो : ही आपल्याकडे लावता येईल का?

येईल. मात्र नर्सरीत विचारलंत तर बहुतेक ठिकाणी क्लेमॅटिस या नावाखाली मोठ्या जांभळ्या फुलांची परदेशी संकरित वेल पुढे केली जाईल. ती थंड हवेतली. पुण्याच्या एप्रिलात किंवा रत्नागिरीच्या जुलैत तिचा जीव फार काळ तग धरत नाही. आपली मोरवेल हवी असेल तर ती बियांपासून किंवा दाब देऊन, म्हणजे फांदी वाकवून मातीत पुरून, स्वतःच तयार करावी लागते. काम अवघड नाही, वेळखाऊ मात्र आहे. बहुतेकांचं बिनसतं ते दोन ठिकाणी : बियांच्या कुंडीकडे बघून धीर सुटतो, आणि उन्हाळ्यात वेल वाळायला लागली की घाबरून पाण्याचा मारा होतो.

आधी नक्की कोणती मोरवेल, ते ठरवा

मोरवेल हे एका जातीचं नाव नाही. सह्याद्रीत क्लेमॅटिस प्रजातीच्या अनेक जाती आहेत आणि गावोगावी त्यांतल्या दोन-तीन तरी याच नावाने ओळखल्या जातात. बागेसाठी तीन जाती लक्षात ठेवा.

पहिली क्लेमॅटिस हाइनी. जुन्या पुस्तकांत ती क्लेमॅटिस ट्रायलोबा म्हणून सापडेल. आताचं नाव बेंजामिन हाइने या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मद्रासकडे कंपनीच्या नोकरीत होता. हिची पानं लहान, बहुतेक तीन खंडांची, हाताला मऊ लागणारी. बारीक रेशमी लव असते. फूल शुभ्र, रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा हिचा मुख्य बहर. कासच्या पठाराच्या आसपास, पुरंदर-सिंहगडाच्या उतारांवर दिसते ती बहुधा हीच.

दुसरी क्लेमॅटिस गौरियाना. ही दणकट. एकेका पानाला पाच-सात पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), वरून तुकतुकीत. फुलं नखाएवढीच, मलईच्या रंगाची, पण घोसात इतकी येतात की खालचं झाड झाकून जातं. पहिलीचा बहर संपत आला की हिचा सुरू होतो आणि थंडीभर चालतो. महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा या पट्ट्यात जंगलाच्या कडेने पुष्कळ.

तिसरी क्लेमॅटिस हेडिसॅरिफोलिया. तीनच पर्णिका, जाडसर, टोकदार, दातेरी कडांच्या. सावली जास्त असलेल्या रानात ही भेटते.

घरासमोर छोटं कुंपण किंवा गच्चीतली कुंडी असेल तर पहिली घ्या. फार्महाऊसचं लांबलचक तारेचं कुंपण झाकायचं असेल तर दुसरी. दुसरी कुंडीत लावू नका, तिला ती जागा पुरत नाही.

ओळख पटवायला फूल हातात घेऊन बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं आहेत, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं. खऱ्या पाकळ्या या फुलाला नसतातच. चार निदलं, कधी पाच-सहा, आणि मध्ये पुंकेसरांचा भरगच्च झुबका. पानं समोरासमोर येतात. सगळ्यात पक्की खूण पानाच्या देठात आहे : ताणा नसतो, पानाचा देठच काडीला वळसा घालून घट्ट बसतो आणि पुढे लाकडासारखा कडक होतो. कुसर नावाच्या रानमोगऱ्याशी गल्लत होते, कारण त्याचीही फुलं पांढरी आणि पानं समोरासमोर. पण कुसर उन्हाळ्यात फुलतो, त्याच्या पाकळ्या खाली नळीत जुळलेल्या असतात, आणि त्याचे देठ असे वळसे घालत नाहीत. कोकण-गोव्याकडे आणखी एक भाऊबंद भेटतो, नारावेलिया. त्याच्या पानाला दोनच पर्णिका असतात, तिसरीच्या जागी चक्क ताणा निघतो, आणि फुलात बारीक पिवळसर पाकळ्या दिसतात.

मराठी वनस्पतिशास्त्रात या सगळ्या कुलाचं नावच मोरवेल कुल असं आहे. लोणच्यात आणि नानवर पडणारी कलौंजी याच कुलातली, हिमालयातला विषारी बचनाग याच कुलातला, आणि जुन्नरकडच्या डोंगरांवर फुलणारी निळवंतीसुद्धा. बचनागाचं नाव मुद्दाम घेतलं, कारण पुढचा मुद्दा त्याच्याशी जोडलेला आहे.

हातमोजे घाला, आणि औषध करू नका

मोरवेलीच्या ओल्या पाना-खोडाचा रस कातडीला लागला तर आग होते, नाजूक कातडीवर फोडही येतात. पान चुरगळलं किंवा खोड कापलं की त्यात प्रोटोॲनिमोनिन नावाचं तिखट द्रव्य तयार होतं. वेल वाळली की त्याचा जोर जातो. म्हणून छाटणीला रबरी हातमोजे, आणि ओल्या छाटलेल्या वेली शेळ्यांपुढे टाकायच्या नाहीत. काम संपेपर्यंत डोळे चोळू नका.

महाराष्ट्रात मोरवेल मूर्वा या आयुर्वेदिक औषधीच्या नावाने विकली जाते हे खरं आहे. पण ग्रंथातली मूर्वा नेमकी कोणती यावर वैद्यांमध्येच जुना वाद आहे, आणि अनेक जण वेगळ्याच कुळातल्या वेलीला मूर्वा मानतात. परसातली वेल तोडून काढा करण्याच्या भानगडीत पडू नये.

बी कुठून आणायचं

आधी कुठून आणायचं नाही ते. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही आणायचं नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला मनाई करतो, मग ती वेल असो वा मूठभर बी. कासचं पठार तर 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. राखीव जंगलात वन खात्याची परवानगी लागते. देवराईतून तिथल्या रिवाजाप्रमाणे वाळकी काडीही उचलत नाहीत, तो रिवाज आपणही पाळावा. उरतं काय? गावातले बांध, खाजगी जमिनींची कुंपणं, ओळखीच्या माणसाचं शेत. मालकाला विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट हे घेऊन काय करणार म्हणून कौतुकाने विचारतात. रोप मुळासकट उपटणं मात्र खाजगी जागेतही टाळा. जुन्या वेलीची मुळं खोल असतात, ती तुटतात, आणि वेल तिथेही मरते, तुमच्याकडेही.

बी पिकल्याचं ओळखणं सोपं आहे. फूल गळलं की प्रत्येक बीजाला एक लांब शेपूट राहते, तिच्यावर पांढरे केस असतात. सुरुवातीला शेपट्या हिरवट आणि एकमेकींना चिकटून असतात. पुढे त्या फुलारतात, रुपेरी होतात, आणि रुईच्या म्हातारीसारखं सगळं उडायच्या बेतात येतं. तळाचा दाणा तपकिरी झालेला असावा, आणि झुबका चिमटीत धरून हलकेच ओढला की हातात यावा. जोर लावावा लागत असेल तर आणखी आठवडा थांबा. हाइनीचं बी साधारण डिसेंबर-जानेवारीत मिळतं, गौरियानाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. एका वेलीवरचे दोन-चार झुबके पुरेत. कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी येते. पाकिटावर गाव आणि महिना लिहा, जात नक्की करताना पुढे त्याचा उपयोग होतो.

पेरणी

मोरवेलीचं बी गळतं तेव्हा आतला अंकुर पूर्ण वाढलेला नसतो. तो बीच्या आतच हळूहळू वाढतो आणि मगच बाहेर येतो. त्यामुळे मेथी-कोथिंबिरीच्या हिशेबाने कुंडीकडे बघत बसलात तर निराशाच होईल. दोन-तीन महिने काहीच न दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि काही बिया त्याहून उशिरा, अगदी पुढच्या पावसात उगवतात. परदेशी लेखांत बी फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलेलं असतं. ते बर्फाच्या प्रदेशातल्या जातींसाठी आहे. आपल्या जातींनी बर्फ बघितलेला नसतो, त्या भानगडीत पडू नका.

बी जुनं होऊ देऊ नका. माझा सल्ला असा की निम्मं बी आणल्या-आणल्या पेरावं आणि निम्मं जूनच्या पहिल्या पावसाबरोबर. पहिलं उन्हाळ्यात सांभाळावं लागतं, दुसऱ्याला निसर्गच पाणी घालतो. दोन्हींतलं एक तरी लागतं.

शेपट्या कात्रीने कापून टाका, नाहीतर बी मातीत आडवंतिडवं राहतं आणि पाणी घातलं की तरंगून वर येतं. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. मिश्रणात एक भाग पोयटा, एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग जाडी वाळू. निव्वळ कोकोपीट नको. वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो. तळाशी भोकं असलेली पसरट कुंडी घ्या, बिया दोन बोटांच्या अंतराने मांडा आणि त्यांच्यावर जेमतेम बोटाच्या नखाच्या जाडीएवढी माती भुरभुरवा. वर बारीक खडीचा पातळ थर दिला तर दोन फायदे होतात : पाण्याच्या धारेने बी उघडं पडत नाही, आणि वर शेवाळ धरत नाही.

कुंडी सावलीत, पण उजेडाच्या जागी. पाणी झारीने किंवा पंपाच्या फवाऱ्याने. माती ओलसर हवी, चिंब नको. वर तारेची जाळी ठेवा, कारण चिमण्या, खारी आणि घरातली मांजर या तिघांनाही ताजी उकरलेली माती आवडते.

उगवलेल्या रोपाला पहिली दोन दलं येतात, मग खरी पानं. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या की प्रत्येक रोप स्वतंत्र पिशवीत हलवा. मुळं बारीक आणि ठिसूळ असतात, म्हणून रोप खोडाला धरून उचलू नका. दलाला धरा आणि खालून चमच्याने मातीचा गोळा सुटा करा. चार इंचांवर शेंडा खुडला की खालून दोन-तीन फांद्या फुटतात. हा शेंडा खुडायला लोक कचरतात, पण न खुडलेली मोरवेल म्हणजे एकच लांब दोरी, जिला वर जाऊन चार पानं.

घाई असेल तर दाब

ओळखीच्या बांधावर वेल असेल आणि तिथे अधूनमधून जाणं होत असेल, तर बियांपेक्षा दाब सोपा. जून-जुलैत त्याच वर्षीची, पण कोवळेपण गेलेली फांदी निवडा. ती जमिनीपर्यंत वाकवा. पेराच्या (पानं जिथून फुटतात त्या गाठीच्या) खालच्या बाजूने ब्लेडने तिरका, उथळ काप द्या, तेवढा भाग मातीत किंवा मातीने भरलेल्या कुंडीत पुरा आणि वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. वाकवताना जपून, मोरवेलीचं खोड दिसायला चिवट असलं तरी पेरापाशी पटकन मोडतं. पावसात मुळं धरतात. दिवाळीच्या सुमाराला फांदी हळूच हलवून बघा. घट्ट वाटली तर मूळ वेलीकडची बाजू कापा, पण लगेच उचलू नका. दोन आठवडे तिथेच राहू द्या, मग आणा.

छाट कलमही होतं, पण गुलाबासारखं पेराखाली कापायचं नाही. दोन पेरांच्या मध्ये कापा : वर डोळ्यांची एक जोडी, खाली दोन-तीन इंचांची नुसती काडी. जोडीतलं एक पान काढा, दुसरं अर्धं कापा, आणि डोळे मातीला टेकतील इतकं खोचा. ऑगस्ट-सप्टेंबर चांगला. सगळी लागत नाहीत, म्हणून हवी त्याच्या तिप्पट लावा.

जागा आणि खड्डा

रानात मोरवेल झुडपाच्या बुडाशी उगवते आणि त्याच्या अंगावरून चढत उन्हात जाते. घरीही तशीच जागा बघा : मूळ सावलीत, शेंडा उन्हात. जुनं मेंदीचं कुंपण, तगर, कण्हेर यांच्या उत्तरेला किंवा पूर्वेला लावली तर फारसं काही करावं लागत नाही. पश्चिमेची सिमेंटची भिंत टाळा, एप्रिलात ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. कोकणात गडग्याच्या कडेची जागा उत्तम, पाणी साचत नाही आणि वर आधाराला झुडपं आयती असतात.

लावणी जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. निघालेल्या मातीत एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, तेवढाच पालापाचोळा आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. काळी माती असेल तर मुरूम मिसळा आणि लावणीची जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. काळ्या मातीत पावसाचं पाणी दोन-दोन दिवस धरून राहतं, आणि मोरवेल उन्हाने मरत नाही तितकी साचलेल्या पाण्याने मरते. लावल्यावर बुडाभोवती वाळक्या पानांचा थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका.

कुंडीत लावायची तर सोळा इंची घ्या, तळाशी विटांचे तुकडे, आणि कुंडीपुढे दुसऱ्या छोट्या कुंड्या मांडा म्हणजे तिच्या अंगावर ऊन पडणार नाही.

आधार

वळसा पानाचा देठ घालतो आणि देठ लहान असतो. त्यामुळे करंगळीपेक्षा जाड काहीही त्याच्या कामाचं नाही. लोखंडी खांब, बांबू, पीव्हीसी पाइप यांवर मोरवेल चढत नाही, त्यांच्या पायाशी गुंता करून बसते. खांबाला कोंबडीची जाळी गुंडाळा किंवा सुतळी आडवी-उभी बांधा. कारवीच्या वाळक्या काठ्या मिळत असतील तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पहिले दोन-तीन फूट कोवळी फांदी हाताने लावून द्यावी लागते, पुढे ती आपली आपण जाते. गौरियाना डाळिंब, लिंबू किंवा आंब्याच्या नव्या कलमावर सोडू नका, दोन वर्षांत झाड पांघरुणाखाली जाईल. जुन्या, मोठ्या झाडाला काही होत नाही.

वर्षाचं गणित

हिचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पावसाळाभर फांद्या वाढतात, तेव्हा पाणी घालायची गरज नाही; जुलैत एकदा ओंजळभर शेणखत पुरे. युरिया दिलात तर पानं भरपूर येतील, फुलं रुसतील. पाऊस थांबल्यावर कळ्या धरल्यापासून फुलं संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी द्या. फुलांवर मधमाश्यांची गर्दी होते, त्या काळात फवारणी करू नका. फुलं ओसरली तरी वाळके घोस कापू नका. रुपेरी झुबक्यांचा महिना माझ्या मते फुलांपेक्षाही देखणा असतो, आणि बीही त्यातच आहे.

बी उडून गेलं की वेल पिवळी पडते, पानं झडतात, खोडं वाळल्यासारखी दिसतात. ही तिची विश्रांती आहे. नेमकं इथेच पाणी वाढवलं जातं आणि मुळं कुजतात. जमिनीतल्या वेलीला या काळात दहा-बारा दिवसांतून एकदा, कुंडीतल्या वेलीला दोन-तीन दिवसांतून एकदा थोडंसं, एवढंच. जिवंत आहे की नाही याची शंका आली तर बुडाजवळच्या खोडाची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं की प्रश्न मिटला.

छाटणी वळवाच्या आधी, मे महिन्यात. फुलं त्या वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून निर्धास्त कापा : जमिनीपासून गुडघ्याइतकं ठेवून बाकी सगळं, प्रत्येक फांदीवर ठसठशीत डोळ्यांची एक जोडी राहील असं. सिकेटरला धार हवी. गौरियाना मोठ्या कुंपणावर असेल तर दरवर्षी इतकं कापायची गरज नाही, एक वर्षाआड चालेल. रोप पहिल्याच वर्षातलं असेल तर नुसते वाळके शेंडे काढा.

अडचणी

पावसाळ्यात गोगलगाई कोवळे कोंब रात्रीत साफ करतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. मावा शेंड्यावर आला तर पाण्याच्या जोरदार धारेने जातो. पिठ्या ढेकणाला निंबोळी अर्क. ऑक्टोबरच्या उकाड्यात पानांवर भुरी दिसली तर तेवढी पानं काढा आणि वेल थोडी विरळ करा, वारा खेळला की ती आटोक्यात येते. संकरित क्लेमॅटिसमध्ये फांद्या अचानक माना टाकतात तो बुरशीचा रोग रानातल्या जातींना सहसा त्रास देत नाही. तुमची मोरवेल पावसात अचानक सुकली तर आधी बुडाशी बोट घालून माती बघा : चिखल असेल तर चर काढून पाणी वाहतं करा.

फूल येत नाही अशी तक्रार असेल तर आधी वय मोजा. बियांपासूनची वेल पहिलं वर्ष मुळांवर घालवते. दुसऱ्या पावसानंतर थोडी फुलं आली तर उत्तम, खरा बहर तिसऱ्या वर्षी. वय भरलं असेल तर ऊन बघा, शेंड्यांना दिवसातून चार-पाच तास तरी मिळायला हवं. तेही ठीक असेल तर छाटणी कधी केली ते आठवा. ऑगस्टमध्ये वेल फार पसरली म्हणून कुणी शेंडे मारले असतील, तर त्या वर्षीच्या कळ्या त्यांच्याबरोबरच गेल्या.